वही

मी त्याच्या उजव्या हाताला बसायचे, सहा वर्षं,
आणि रस्ता असा कधी पाहिलाच नाही.

आदल्या दिवशी रांगत्या गाडीत तो बोलायचा,
मी पेन्सिलीनं टिपायचे :
डावं पाच. शंभर. उंचवट्यावरून उजवं तीन,
कापू नको, आत धोंडा.
दुसऱ्या दिवशी तेच त्याला परत वाचून दाखवायचं,
ताशी दीडशेनं,
मान खाली घालून.
कंबरेखालच्या हिसक्यांवरून कळायचं कुठवर आलोय.

मी कानेपीत टपाल वाटायचे.
प्रत्येक फाटक, प्रत्येक कुत्रं ओळखीचं,
म्हणून तानिएलचा बाप माझ्याकडे आला :
पोरगं माझं ऐकत नाही,
तुमचा आवाज ऐकेल कदाचित.

पोरगं तेव्हा सतरा वर्षांचं.
अकराव्या वर्षी त्याचे पाय पुरत नव्हते म्हणून
आजोबाच्या लाडाच्या पेडलांना लाकडाचे ठोकळे बांधून
बापानं त्याला फेब्रुवारीत तळ्यावर सोडलेलं.
गोठलेल्या तळ्याला वळण नसतं.
मासे धरायला पाडलेली भोकं होती,
शेजारी खुणेच्या फांद्या रोवलेल्या.
तो फांद्यांमधून वळणं काढत सुटला.
गळ टाकून बसलेले म्हातारे शिव्या घालत उठले,
आणि पुढच्या रविवारी
फांद्या त्यांनीच जरा अंतरा-अंतरानं रोवल्या.

पेपरात आलं, निर्भय.
निर्भय कसला.
पहिल्या टप्प्याआधी टायरांच्या ढिगामागे जाऊन ओकायचा रोज.
मी बाटली धरायचे. चूळ भरायचा, हेल्मेट चढवायचा,
आणि म्हणायचा, वाच.

ज्युनियर चषकाचा शेवटचा टप्पा,
तेरा किलोमीटर, जंगल, सैल खडी.
दुपारी त्यानंच सांडलेली कॉफी,
पान चौदा आणि पंधरा एकमेकांना चिकटलेली.
मी सोळाचं पहिलं वळण वाचायला तोंड उघडलं
आणि कंबर म्हणाली, हे नव्हे.
गप्प झाले. नखानं कागद सोडवत राहिले.
तीन सेकंद, चार असतील.
इंजिनाचा सूर तसूभर उतरला नाही.

पुढं सात दशांश सेकंदांनी जिंकलो.
माणसं त्याला खांद्यावर घेऊन निघाली.
रात्री सॉनात विचारलं, पाय का नाही काढलास?
म्हणाला, तुझा श्वास ऐकू येत होता.
तो थांबला असता तर काढला असता.
तापल्या दगडांवर पाणी ओतलं त्यानं
आणि मला वाफेत काही दिसेना, ते बरंच झालं.

मग मोठा संघ. मोठा करार.
इटलीचा एक तरुण शेजारी बसायला,
त्याची वही ओलीच होत नाही असल्या कागदाची.
तानिएल सांगायला घरी आला तेव्हा बूट न काढता
दारातच उभा राहिला.
मी म्हटलं, आत ये, पायपुसणं आहे.
बाकी काय म्हणणार?
बटाटे उकडले होते. आम्ही खाल्ले.

यंदा रॅली आमच्याच रानातून गेली.
मी घडीची खुर्ची घेऊन लोकांत बसले,
माझ्याच हातानं सहा वेळा लिहिलेल्या वळणाशी :
डावं तीन, आंधळं, आवळत जाणारं.
आंधळं लिहिलेलं, पण इथून सगळं दिसतं.
खांबावर करकोच्याचं घरटं, पलीकडे राय पिकलेली,
कुणाच्या तरी दोरीवर चादरी.
एवढं सगळं इथं होतं होय!

आधी आवाज आला. करकोचा जागचा हलला नाही.
मी मान खाली घातली, सवयीनं.
ओठ हलले : डावं तीन, आंधळं, आव—
वर पाहिलं तेव्हा धूळ खाली बसत होती
आणि शेजारचा पोरगा उड्या मारत विचारत होता,
आजी, दिसला का? दिसला का तुम्हाला?

दोरीवरच्या चादरी पिवळ्या झाल्या होत्या.
मी म्हटलं, ब्रेक जरा उशिरा मारला त्यानं.